बायोगॅसपासून हायड्रोजन : घोडे अडते निकेलवर

युरियाची गोणी मुळात नैसर्गिक वायूपासून तयार होते. अलिबागजवळच्या थळसारख्या कारखान्यात या वायूतला मिथेन आणि वाफ सुमारे ८०० अंश सेल्सिअसला निकेलच्या उत्प्रेरकावरून जातात. त्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन आणि हवेतील नत्रापासून अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया बनतो. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. त्यामुळे आखातात तणाव वाढला की इथे खताची काळजी सुरू होते.

मग शेण आणि प्रेसमडच्या बायोगॅसमधला मिथेन का वापरू नये? रसायनशास्त्राची हरकत नाही. बायोगॅसमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतोच. मिथेनशी त्याची अभिक्रिया घडवली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे मिश्रण मिळते. पण इथे वाफ नसते. त्यामुळे मिथेन फुटताना सुटलेला कार्बन काजळीसारखा निकेलवर साचतो. शिवाय उष्णतेने निकेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. तिसरा शत्रू गंधक. शेणाच्या गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा जरी शिरला, तरी निकेल निकामी होऊ लागते.

कोरियातील काइस्ट संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात यावर एक तोडगा मांडला. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकांच्या कडांवर निकेल आणि मॉलिब्डेनमचे कण पक्के बसवले. हा उत्प्रेरक ८०० अंशांना सलग ८५० तास चालला, काजळी धरली नाही. काम उत्तमच आहे. पण ८५० तास म्हणजे जेमतेम ३५ दिवस. खत कारखान्यातला उत्प्रेरक काही वर्षे टिकतो. आणि प्रयोगातले वायू शुद्ध होते, गोठ्यातले नव्हेत.

म्हणून माझे मत असे, की गावपातळीवर तूर्त बायोगॅस इंधन म्हणून वापरावा आणि स्लरी शेतात घालावी. गंधक काढण्याची सोय मात्र आजच करावी. लोखंडाच्या गंजलेल्या किसाच्या गाळणीतून गॅस नेला तरी बराच फरक पडतो, इंजिनही कमी गंजते. हायड्रोजन प्रकल्पासाठी भागभांडवल मागायला कोणी आले, तर विचारा : गंधक कसे काढणार? उत्प्रेरक किती तास चालला, आणि तो खऱ्या बायोगॅसवर की सिलिंडरमधल्या शुद्ध वायूवर?