मेसमध्ये कुणासोबत जेवतोस?

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आमच्या घराचं दार फारसं बंद नसतं. लातूरला 27 वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी मुलं येतात. आईनं दिलेला चकल्यांचा डबा पुढे करतात, वाकून नमस्कार करतात आणि आधी कोण आलंय ते पाहून भिंतीकडेला बसतात. यंदा आलेल्यांपैकी चौघं जण देशातल्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांत शिकतात. कोण कुठे आहे ते लिहिणार नाही. मुलं विश्वासानं बोलतात, तो विश्वास मोडायचा नाही.

पहिला चहा होईपर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच असतं.

“कसं आहे रे तिथं?”

“एकदम भारी, मॅडम.”

हे उत्तर मला पाठ झालंय. नातेवाईक, शेजारी, क्लासचे सर, गावातले पत्रकार, सगळ्यांना हेच दिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण तेवढंच खरंही नसतं. खरं बोलणं सुरू होतं बाकीचे उठून गेल्यावर. एखादा मागे रेंगाळतो, कपबशा उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवतो आणि ओट्याला टेकून उभा राहतो. त्या वेळी आपण भांडी घासत राहावं, त्याच्याकडे पाहू नये. मग तो बोलतो.

यंदा जो थांबला तो दुसऱ्या वर्षाचा. माझ्या वर्गात असताना गणित सुटलं की पेन हवेत उडवून झेलायचा. म्हणाला, “मॅडम, पहिल्या मिडसेमला मी सरासरीच्या खाली होतो. गणितात.” शेवटचा शब्द त्यानं पुन्हा उच्चारला, “गणितात, मॅडम.”

“घरी सांगितलंस?”

“पप्पांनी गाडीच्या मागच्या काचेवर इन्स्टिट्यूटचं नाव लिहून घेतलंय. काय सांगू?”

आमच्या गावाला अकरावी-बारावीच्या अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान आहे, आणि तो मलाही आहे. त्यात माझीही वर्षं गेली आहेत. निकाल लागला की ट्यूशन एरियात फ्लेक्स चढतात. मुलाचा फोटो, त्याखाली रँक. फ्लेक्सवर चढलेल्या मुलानं ‘मला तिथं एकटं वाटतं’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि कुणाला? 2024 साली जेईई ॲडव्हान्स्डला 1 लाख 80 हजारांच्या आसपास मुलं बसली. त्याआधी जेईई मेनच्या चाळणीतून ती गेलेली होतीच. पात्र ठरली 48,248. आणि त्या वर्षी 23 आयआयटींच्या सगळ्या जागा मिळून पावणेअठरा हजारही नव्हत्या. एवढ्यातून जो पार झाला त्याला दुःख असू शकतं हे आपल्याला पटतच नाही. ‘नशीब काढलंस’ म्हणून आपण पुढे जातो.

मी या मुलांना मध्य, मध्यक, बहुलक शिकवलं. 75 मुलांच्या वर्गात 37 जण मध्यकाच्या खाली असणारच, मग ते 75 जण आपापल्या तालुक्यात पहिले आलेले का असेनात. साधं गणित आहे. हे गणित मी कधी फळ्यावर मांडून दाखवलं नाही. या मोठ्या संस्थांत बऱ्याच विषयांत श्रेणी ठरते ती शंभरपैकी किती मिळाले यावर नाही, वर्गात तुम्ही कुठे उभे आहात यावर. म्हणजे जीव तोडून अभ्यास केला आणि शेजाऱ्यानंही तेवढाच केला, तर आपण होतो तिथेच. बारा वर्षं ‘पहिला’ हेच ज्याचं नाव होतं, त्याला तिथे गेल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडतो की मग आता मी कोण? त्या प्रश्नाची तयारी कुठलाच क्लास करून घेत नाही. मीही करून घेतली नाही.

चौघांतला दुसरा मेटलर्जीला आहे. त्याचा प्रवेश मला चांगला आठवतो, कारण त्याचा पर्यायांचा फॉर्म आमच्याच जेवणाच्या टेबलावर भरला. जून महिना, पंखा गरगरतोय, लॅपटॉपसमोर मुलाचे वडील आणि मी. शेजारी गेल्या वर्षीच्या क्लोझिंग रँकचा कागद. संस्था आणि शाखा यांच्या जोड्या आम्ही त्या कागदाच्या क्रमानं खाली खाली लावत गेलो. सत्तर-ऐंशी पर्याय झाले असतील. मुलगा पलीकडे सोफ्यावर बसून होता. ‘काय रे, चालेल ना?’ एवढं त्याला दोनदा विचारलं. तो दोनदा ‘हो’ म्हणाला. परवा त्यानं सांगितलं, “मॅडम, मेटलर्जीत काय शिकवतात ते मला ॲडमिशन झाल्यावर कळलं.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आता त्याला भट्टी आणि मिश्रधातू आवडायला लागलेत, तेही त्यानं सांगितलं. पण वर्गातल्या निम्म्या मुलांना आपण इथे का आहोत हे माहीत नाही, असंही म्हणाला.

पूर्वी पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवले की शाखा बदलून मिळायची. त्या आशेवर मुलं पहिलं वर्ष पुन्हा जेईईसारखं काढायची, आणि ती संधी मिळायची मोजक्यांनाच. ताण वाढतो म्हणून अनेक आयआयटींनी अलीकडे ही सोय बंद केली. बरं केलं, असं माझं मत आहे. पण त्यामुळे जूनमधल्या त्या टेबलाचा भार आणखी वाढला. तिथे लिहिलं ते चार वर्षांसाठी लिहिलं. त्या खुर्चीवर मी नाही, मुलगा बसायला हवा होता.

मुलगी एकच होती चौघांत. आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत मुलींचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत नेण्याचं ठरवलं. त्याआधी मुलींची संख्या वर्गात बोटावर मोजण्याइतकी असायची. ही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. जेईई मेन 2021 पासून मराठीतूनही देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि तिथून पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत. ती म्हणाली, “फळ्यावरचं सगळं समजायचं मॅडम, बोललेलं समजायचं नाही. दोन महिने नुसतं उतरवून घेतलं. शंका विचारायची तर आधी मनात वाक्य जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत सर पुढं गेलेले असायचे.” एक दिवस वर्ग सुटल्यावर तिनं धीर करून एका प्राध्यापकांना मोडक्या इंग्रजीत गाठलं. त्यांनी तिला त्यांच्या खोलीत बोलावून तासभर समजावलं, आणि निघताना ‘हिंदीत विचार, मराठीत विचार, पण विचार’ असं म्हणाले. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मोठी संस्था मोठी कशानं होते, याचं उत्तर मला त्या तासाभरात दिसतं.

चांगलं मुलं भरभरून सांगतात, तेही लिहायला हवं. रात्री दोन वाजता नाइट कँटीनमध्ये मॅगी खात झालेल्या चर्चा. वसतिगृहातल्या आपल्या विंगमधला मणिपूरचा मुलगा, केरळचा मुलगा, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या शिव्या. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं नाटक. पहाटेपर्यंत उघडी असलेली लायब्ररी. पवईच्या आयआयटीतला मूड इंडिगो महोत्सव 1971 पासून चालत आलाय, आणि त्याच्या आयोजनात चार रात्री जागलेली मुलं त्याबद्दल आपल्या डिग्रीपेक्षा जास्त प्रेमानं बोलतात. “एवढं हसलो नव्हतो मॅडम कधी,” चौथ्या वर्षाचा मुलगा म्हणाला. अकरावी-बारावीची दोन वर्षं तो माझ्यासमोर होता. त्या दोन वर्षांत मी त्याला हसताना पाहिल्याचं मला आठवेना.

पवईचा विषय निघाला की मला 2023 आठवतं. त्या फेब्रुवारीत तिथल्या पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबानं जातीय भेदभावाचा आरोप केला, तर संस्थेच्या चौकशी समितीनं थेट भेदभावाचा पुरावा आढळला नाही असं म्हटलं. त्याच वर्षी जुलैत संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या. विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईची रँक विचारू नये, कारण तो प्रश्न जात शोधण्याचा मार्ग होऊ शकतो, असं त्यांत होतं. ती बातमी मी तीनदा वाचली. कारण आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिला प्रश्न तोच विचारत आले होते. ‘रँक किती?’ कौतुकानं विचारायचे. समोरच्या मुलाला तो कसा ऐकू येत असेल, हा विचार मला शिवलाही नव्हता. त्या दिवसापासून हा प्रश्न मी सोडला.

त्याच वर्षी त्याच संस्थेत वसतिगृहांच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी जेवणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा वाद पेटला. विरोध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाल्याची बातमी होती. ज्याला आयुष्यभर कुणी वेगळं बसवलं नसेल त्याला हा टेबलाचा किरकोळ मुद्दा वाटेल. ज्याच्या आजोबांना वेगळं बसवलं होतं त्याला तो किरकोळ वाटणार नाही. अठरा वर्षांचा मुलगा ताट घेऊन उभा राहतो आणि कुठे बसावं ते त्याला कळत नाही. माझ्या लेखी त्याहून एकटं ठिकाण कॉलेजात दुसरं नाही.

आपण मात्र पॅकेज विचारतो. दरवर्षी 1 डिसेंबरला आयआयटींमध्ये प्लेसमेंट सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कोटीचा आकडा झळकतो. संसदेच्या स्थायी समितीनं 2025 मध्ये नोंदवलं की 2021-22 ते 2023-24 या काळात 23 पैकी 22 आयआयटींत प्लेसमेंटचं प्रमाण घसरलं. ती बातमी आतल्या पानावर होती. चौथ्या वर्षाच्या त्या मुलाला यंदा दिवाळीत अकरा जणांनी पॅकेज विचारलं. त्यानं खरोखर मोजलं होतं.

विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि त्यांचं मानसिक आरोग्य यांचा विचार करायला सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याची गरज होतीच. संस्थांनी समुपदेशक वाढवावेत, प्राध्यापकांनी दार उघडं ठेवावं, जातीवरून होणारा त्रास नोंदवायला भीती वाटू नये अशी व्यवस्था असावी, हे सगळं व्हायलाच हवं, आणि त्यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. पण ज्या मुलाला घरीच खरं बोलता येत नाही, तो अनोळखी समुपदेशकाच्या खुर्चीत जाऊन काय बोलणार?

ओट्याला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलाला मी यंदा वेगळंच विचारलं. “मेसमध्ये कुणासोबत जेवतोस?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “पहिलं वर्षभर एकटाच जेवायचो, मॅडम. ताट खोलीवर न्यायचो. आता विंगमधले चौघं जण हायेत. एक जण रोज दार वाजवतो, जेवायला चल म्हणतो.” त्या दार वाजवणाऱ्या मुलाचं नाव त्यानं सांगितलं, गाव सांगितलं, त्याला वांगं आवडत नाही हेही सांगितलं. मिडसेमचं जे घरी सांगितलं नव्हतं ते घरी कसं सांगावं, यावर मग आम्ही अर्धा तास बोललो. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, पोरगं बोललं आमच्याशी.” पुढे त्यांना बोलता आलं नाही.

आता सेमिस्टर संपून डिसेंबरात ही मुलं पुन्हा घरी येतील. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असं एखादं पोर असेल तर त्याला रँक विचारू नका, पॅकेज विचारू नका. कुणासोबत जेवतोस, एवढं विचारा. आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.