दोन किलोंची सवलत

दिल्ली मेट्रोची निळी मार्गिका यमुना बँक स्थानकानंतर दुभंगते. एक फाटा नोएडाकडे जातो आणि दुसरा लक्ष्मीनगर, प्रीत विहार, आनंद विहार, कौशांबी असे करीत वैशालीला, म्हणजे गाझियाबाद जिल्ह्यात, येऊन संपतो. निवृत्तीनंतर माझे वास्तव्य या शेवटच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि दिल्लीत काही काम निघाले की परतीचा प्रवास याच गाडीने होतो. जुलैमधल्या एका संध्याकाळी माझ्या समोर विमान कंपनीच्या गणवेशातील तीन तरुण कर्मचारी उभे होते, दोन मुलगे आणि एक मुलगी. गळ्यात ओळखपत्रे, पायाशी चाकांच्या छोट्या बॅगा, चेहऱ्यावर पाळी संपल्याचा थकवा. कंपनी कोणती, हे मी येथे लिहिणार नाही. कोणतीही असू शकली असती.

गप्पा प्रवाशांविषयीच्या होत्या आणि आवाज दबलेला नव्हता. आखातात मजुरीसाठी निघालेल्या माणसांना पट्टा कसा बांधायचा कळत नाही, यावर आधी हसणे झाले. मग मणिपूरकडच्या एका प्रवाशाच्या हिंदीची नक्कल झाली. एवढ्यावर थांबले असते, तर मी कदाचित वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलो असतो. पण मुलगी पुढे म्हणाली की, कोलकात्याच्या विमानाला 'वो लोग' आले, की ती दुसरे ओळखपत्र मागतेच. आधार दाखवले तरी मागते, कारण आधार काय कोणीही बनवून घेतो. एका मुलाने त्याची पद्धत सांगितली. सामान दोन-तीन किलो जास्त भरले तर 'आपल्या' माणसाला तो हाताने खूण करून पुढे पाठवतो; 'उन लोगों' ना मात्र काट्यावरचा आकडा दाखवून पैसे भरायला लावतो. 'नियमच आहे ना,' असे म्हणून तिघेही हसले.

त्यांच्यापासून हातभर अंतरावर पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. ते दारावरचा मार्गिकेचा नकाशा वाचत होते. रोज या गाडीने जाणाऱ्याला तो नकाशा वाचण्याची गरज नसते. डब्यातले आम्ही बाकीचेही असेच काही ना काही वाचत राहिलो. मी तीन दशकांहून अधिक काळ सरकारी आदेशांवर सह्या केल्या आहेत. त्या संध्याकाळी एक वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. वैशालीला सगळेच उतरले आणि आपापल्या दिशेने गेले.

या प्रसंगावर पहिली प्रतिक्रिया असते ती उर्मट बोलण्याबद्दलची: आजकालच्या तरुणांना संस्कार नाहीत, सार्वजनिक ठिकाणी काय बोलावे याचे भान नाही. मला हा मुद्दा गौण वाटतो. कामावरून सुटलेल्या माणसांनी आपसात काय बोलावे यावर पाळत ठेवणारे राज्य मला नको आहे, आणि अशा राज्याचे पहिले बळी कोण असतील हेही मला ठाऊक आहे. मला अस्वस्थ केले ते त्या दोन किलोंनी. तिरस्कार ही भावना आहे आणि तिच्यावर कायदा चालत नाही. परंतु खिडकीमागे बसलेल्या माणसाच्या हातात थोडासा स्वेच्छाधिकार असतो, आणि भावना त्या अधिकारात शिरली की तिचे रूपांतर प्रशासनात होते.

नियम मोडण्याची त्यात गरज पडत नाही, हे विशेष. जादा सामानाचे पैसे घेणे नियमानुसारच आहे. शंका आल्यास आणखी कागद मागणे हेही कोणी चूक म्हणणार नाही. अन्याय आहे तो सवलतीत. कोणाला सूट मिळते आणि कोणाला नियम मिळतो यात. ज्याला नियम लावला गेला त्याला शेजारच्या रांगेतल्या माणसाला सूट मिळाल्याचे कधी कळतच नाही. तक्रार तरी कशाची करणार?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी सातारा जिल्ह्यातील मसूरचे रेल्वे स्थानक आठवल्याशिवाय राहत नाही. 1901 साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर भावंडांबरोबर गोरेगावला, खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जाण्यासाठी तेथे उतरला. न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतील ती मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुले महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर स्टेशनमास्तरनेच मार्ग काढला: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे.

हा प्रसंग आपण बहुधा क्रौर्याची कथा म्हणून वाचतो. प्रशासक म्हणून वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रेल्वेने तिकीट नाकारले नव्हते, डब्यातून उतरवले नव्हते. रेल्वेच्या नियमपुस्तकात जात नव्हती, होते ते फक्त भाड्याचे वर्ग. पैसे मोजले की प्रवास, हे त्या काळातले केवढे मोठे आश्वासन होते! नियमपुस्तक जेथे संपत होते, म्हणजे एका कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर, तेथे जात सुरू होत होती. त्या स्टेशनमास्तरवर कोणत्याही नियमाखाली ठपका ठेवता आला नसता. उलट त्याने मदतच केली, असे त्याच्या वरिष्ठांनी लिहिले असते.

विमान प्रवासाने असेच आश्वासन नव्याने दिले आहे. 'उडान' योजना 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा हवाई चप्पल घालणाऱ्यानेही हवाई जहाजात बसावे, अशी घोषणा होती. गाझियाबादचे हिंडन हे मूळचे हवाई दलाचे तळ. तेथील नागरी टर्मिनलवरून ऑक्टोबर 2019 मध्ये याच योजनेखाली पिठोरागढला पहिले विमान गेले, आणि 2025 पासून तेथून कोलकाता, बंगळूरु, गोवा अशा शहरांना जाता येते. साहिबाबादच्या कारखान्यांत आणि इंदिरापुरमच्या बांधकामांवर काम करणारा मजूर आता खरोखरच विमानाने गावी जाऊ शकतो. चप्पल विमानात पोहोचली आहे. तिच्याकडे पाहणारी नजर मात्र कोणी बदललेली नाही, आणि ती बदलणे हे कोणाचे कामही ठरलेले नाही.

ही नजर हवेतून येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये याच गाझियाबादमध्ये एका झोपडवस्तीवर 'बांगलादेशी' म्हणून हल्ला झाला. राहणारे बांगलादेशी नसून उत्तर प्रदेशातलेच असल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. जुलै 2025 मध्ये गुरुग्राममध्ये बंगाली बोलणाऱ्या मजुरांना पडताळणीसाठी ताब्यात ठेवले गेले, आणि अनेक कुटुंबे भीतीने शहर सोडून गेली. राज्ययंत्रणाच जेव्हा भाषेवरून संशय घेते, तेव्हा काउंटरवरच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने दुसरे ओळखपत्र मागणे तिला कर्तव्यदक्षताच वाटते. त्या तिघांवर मी सगळा दोष टाकत नाही. अपुरी झोप, बेभरवशाची नोकरी आणि दिवसभर ओरडणारे प्रवासी, हे सगळे त्यांच्या वाट्याला आहे. विमान कंपन्यांत काम करणाऱ्या ईशान्येकडील मुलामुलींना तर प्रवाशांकडून काय काय ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच.

प्रवाशांच्या वर्तनाबाबत आपली व्यवस्था किती तत्परतेने हलली, हे महाराष्ट्राला चांगले आठवत असेल. मार्च 2017 मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी दिल्ली विमानतळावर एका कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि कॅमेऱ्यासमोर ते सांगितलेही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियमावली आली. बेशिस्त प्रवाशांचे तीन स्तर ठरले: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत, जीवघेण्या वर्तनाला किमान दोन वर्षे, आणि निर्णयासाठी निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती. नियमावली योग्यच होती. पण कर्मचाऱ्याने प्रवाशाचा त्याच्या नावावरून, चेहऱ्यावरून वा बोलीवरून अवमान केला, तर त्यासाठी अशी स्तरांची मांडणी आणि अशी समिती नाही. आहे ती तक्रार नोंदवण्याची सोय, जेथे पूर्वग्रहाची तक्रार हरवलेल्या बॅगेच्या शेजारी जाऊन बसते.

संविधानकर्त्यांना हा प्रश्न दिसला नव्हता असे नाही. अनुच्छेद 15 चा दुसरा खंड दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही असे सांगतो, आणि तो केवळ सरकारला उद्देशून नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दाची व्याप्ती विचारली गेली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो अर्थ सेवा देणाऱ्या सर्वांपर्यंत विस्तारला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही इंडियन मेडिकल असोसिएशन प्रकरणात या व्यापक अर्थाचा आधार घेतला. मसूरचा मुलगाच ही व्याप्ती सांगत होता, असे मला ते वाचताना नेहमी वाटते. मात्र त्या तरतुदीला दात देणारा सर्वसाधारण कायदा आपण केलाच नाही. दलित-आदिवासींसाठी 1989 चा कायदा आहे, अपंगांसाठी 2016 चा, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा. धर्म, भाषा किंवा चेहरेपट्टी यांवरून खासगी सेवेत झालेल्या भेदभावासाठी काहीच नाही. सच्चर समितीच्या शिफारशीनंतर समान संधी आयोगाची चर्चा झाली, तज्ज्ञ गटाचा अहवालही आला. जानेवारी 2014 मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमानासाठी स्वतंत्र दंडतरतूद सुचवली. दोन्ही अहवाल सरकारी कपाटांत आहेत, आणि त्या कपाटांच्या किल्ल्या माझ्यासारख्यांच्याच हातांत होत्या.

व्यापक कायद्याची वाट न पाहताही करता येण्यासारखे काही आहे, आणि त्याचा नमुना विमान वाहतुकीतच सापडतो. मे 2022 मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात बसू दिले गेले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीला पाच लाख रुपये दंड केला, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे नंतर घडले. जुलैमध्ये नियम बदलला: प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल असे कंपनीला वाटले तर विमानतळावरील डॉक्टरचे मत घ्यायचे, आणि तरीही नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यायचे. संवेदनशीलतेवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा या लेखी कारणाचे सामर्थ्य अधिक आहे. 'मला वाटले' हे कागदावर उमटवायचे म्हटले की पेन थबकते.

हेच काउंटरवरही व्हावे. दुसरे ओळखपत्र मागितले तर त्याची नोंद आणि कारण. जादा वजनाची सूट दिली तर तिचीही नोंद. संगणकावर दोन कळा दाबण्याचे हे काम आहे. वर्षातून एकदा नियामकाने बाकी सगळे सारखे पण नावे वेगळी असलेले प्रवासी पाठवून पाहावे. ही कल्पना परकी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2005-06 मध्ये खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, केवळ आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. एकाही कंपनीने कोणाला अपशब्द वापरला नव्हता.

याला नोकरशाही वाढवणे म्हणतील, म्हणोत. मी हे उपाय सुचवतो ते मला स्वतःच्या खात्याचा अनुभव आहे म्हणून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या कार्यालयातला एक वरिष्ठ लिपिक परवान्यांच्या अर्जांचे दोन गठ्ठे करीत असे. एका गठ्ठ्यावर 'चौकशी पूर्ण करून सादर' असा शेरा पडे, दुसरा थेट माझ्या सहीला येई. पहिल्या गठ्ठ्यात एकाच मोहल्ल्याचे अर्ज असतात, हे आवक-जावक वही चाळताना माझ्या लक्षात आले. प्रत्येक प्रकरण सुटे पाहिले तर नियमात बसणारे होते. चहाच्या वेळी तो त्या मोहल्ल्याविषयी काय बोलतो तेही मी ऐकले होते आणि हसण्यावारी नेले होते. मी त्याचे टेबल बदलले. गोपनीय अहवालात त्या वर्षीही त्याला 'अतिशय चांगला' असाच शेरा दिला, कारण माणूस खरोखर कामसू होता. ज्यांचे अर्ज महिनोन् महिने पडून राहिले, त्यांना कोणीच काही कळवले नाही.

आमच्या सोसायटीत रंगकाम करणारा एक तरुण मालदा जिल्ह्यातला आहे. बहिणीच्या लग्नासाठी तो पुढच्या महिन्यात प्रथमच विमानाने कोलकात्याला जाणार आहे. कागद काय काय लागतील, असे त्याने परवा मला विचारले. नियमाप्रमाणे छायाचित्र असलेले कोणतेही एक ओळखपत्र पुरते. मी स्वतः फोनवर आधार दाखवून आत जातो. मी त्याला सांगितले की आधार ने, मतदार ओळखपत्र ने, शाळेचा दाखला असेल तर तोही ने, आणि वडिलांच्या नावचा जमिनीचा कागद मिळाला तर बरे. त्याने मान हलवली. हे सगळे त्याने आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. सामान किती किलो न्यायचे, एवढेच त्याला विचारायचे होते.