उघडा टप आणि दोन गिऱ्हाइके

मर्सिडीझ-बेंझने जून २०२३ मध्ये एएमजी एसएल ५५ ही उघड्या टपाची मोटार भारतात आणली, तेव्हा तिची शोरूमची किंमत २.३५ कोटी रुपये होती. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने त्याच मोटारीचे दुसरे रूप मेबाख एसएल ६८० या नावाने येथे सादर केले आणि किंमत सांगितली ४.२० कोटी रुपये. मूळ सांगाडा तोच आणि टपही तसाच कापडी. मात्र पहिली विकताना ग्राहकाला सांगण्यात आले की, ही चालवण्याची हौस असणाऱ्याची गाडी आहे, तर दुसरी विकताना सांगण्यात आले की, ही निवांत सफरीची गाडी आहे. एकाच वाहनाविषयी एकाच निर्मात्याने दोन वर्षांच्या अंतराने दिलेली ही दोन उत्तरे पाहता, महागडी कन्व्हर्टिबल नेमकी कोणासाठी असते, हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. तो केवळ धनिकांच्या चोचल्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. मोटार बनवणाऱ्याला अभियांत्रिकी आणि ऐट यांचा मेळ कोठे घालता येतो आणि कोठे येत नाही, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

हे द्वंद्व एसएलच्या जन्मापासूनचे आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कंपनीने एकाच वेळी दोन एसएल लोकांपुढे ठेवल्या. एक होती ३०० एसएल. तिच्यामागे १९५२ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना जिंकणाऱ्या शर्यतीच्या गाडीचा वारसा होता आणि तिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडत. दुसरी होती १९० एसएल. दिसायला थोरल्या बहिणीसारखी, पण चार सिलिंडरची, १०५ अश्वशक्तीची आणि उघड्या टपाची. एक शर्यतीची, दुसरी समुद्रकिनाऱ्याने सावकाश फिरण्याची. बाजाराने कौल कोणाला दिला, हे आकडे सांगतात. ३०० एसएल बंद टपाच्या १,४०० आणि पुढे उघड्या टपाच्या १,८५८ एवढ्याच बनल्या, तर १९० एसएलची संख्या २५ हजारांच्या पुढे गेली. किमतीतील मोठ्या फरकाचा त्यात वाटा होताच; तरीही एसएल या नावाचे बहुसंख्य गिऱ्हाईक वेगवान नव्हे तर सुखासीन होते, हे कंपनीला पहिल्याच दशकात कळून चुकले.

पुढची वाटचाल त्याच दिशेने झाली. १९६३ मध्ये जिनिव्हात सादर झालेल्या २३० एसएलने त्याच वर्षी स्पा-सोफिया-लिएज ही खडतर रॅली जिंकून दाखवली खरी; पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिचा मध्ये खोलगट असलेला, पॅगोडासारखा टप. १९७१ च्या पिढीत आठ सिलिंडरचे भरदार इंजिन आले आणि ती गाडी अमेरिकेच्या जोरावर तब्बल अठरा वर्षे बनत राहिली. १९८९ मध्ये बटण दाबताच टप आपोआप उघडू-मिटू लागला आणि गाडी उलटण्याची चिन्हे दिसताच मागून उसळून वर येणारा संरक्षक दांडा आला. २००१ मध्ये तर टपच धातूचा झाला. तो सोळा सेकंदांत घडी होऊन डिकीत जाऊन बसे आणि मिटल्यावर गाडी बंद कूपेइतकी शांत भासे. यांतील प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर शहाणपणाची होती. पण एसएल ही अक्षरे ‘सुपर लाइश्ट’, म्हणजे ‘अतिशय हलकी’, या जर्मन शब्दांची आहेत आणि पिढीमागून पिढी ही अतिशय हलकी मोटार अंगाने भरतच गेली.

हे वजन केवळ ऐषआरामाच्या वस्तूंचे नाही. टप काढणे म्हणजे गाडीतून काहीतरी कमी करणे, अशी सामान्य समजूत असते; प्रत्यक्षात टप काढला की वजन वाढते. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण दाबून बसवलेले असेपर्यंत खोका ताठ राहतो. झाकण काढून त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना पिळली की तो सहज वळतो. मोटारीचेही तसेच होते. आजच्या बहुतेक मोटारींत छप्पर हे ऊन-पाऊस अडवण्यापुरते नसून ते सांगाड्याचा भार पेलणारा भाग असते. ते काढले की दारांखालचे उंबरे जाड करावे लागतात, तळाला आडवे-तिरपे आधार द्यावे लागतात, समोरच्या काचेच्या चौकटीत अधिक मजबूत पोलाद घालावे लागते. शिवाय टप ओढणारी यंत्रणा, मोटारी, सांधे आणि तो मावावा म्हणून डिकीत राखून ठेवलेली जागा असतेच. एवढे करूनही सांगाडा पूर्ण ताठ राहिला नाही, तर खड्ड्यातून जाताना समोरची काच आणि स्टिअरिंगचा दांडा सूक्ष्मपणे थरथरतात. ही थरथर ज्याने एकदा ओळखली, त्याला ती पुढे विसरता येत नाही.

हौशी चालकाचे नुकसान येथेच होते. सस्पेन्शन आपले काम चोख करू शकते ते त्याला आधार देणारा सांगाडा अविचल असेल तर. सांगाडाच वळू लागला की अभियंत्याला स्प्रिंग आणि डँपर थोडे मऊ ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मऊ सस्पेन्शन आणि वाढलेले वजन म्हणजे वळणावर उशिरा मिळणारा प्रतिसाद, ब्रेकवर अधिक ताण आणि टायरची अधिक झीज. म्हणूनच शर्यतीच्या मैदानावर जाणारा पोर्शे ९११ चा ग्राहक सहसा बंद टपाची गाडी निवडतो. उघडी घेणाऱ्याची अपेक्षाच वेगळी असते. या नियमाला अपवाद आहे तो माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीचा. १९८९ पासून बनणारी ही दोन आसनी गाडी पहिल्या रेघेपासून उघडी म्हणूनच कल्पिलेली आणि जेमतेम एक टनाच्या आसपास राहिलेली आहे. हलक्या गाडीला ताठ राहण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. जड, रुंद आणि आठ सिलिंडरच्या गाडीला ते करावे लागते आणि ‘महागडी’ हे विशेषण तिलाच लागते.

ही वस्तुस्थिती कंपनीला ठाऊक नव्हती असे नाही. २०१२ च्या पिढीत सांगाडा मुख्यत्वे अॅल्युमिनियमचा करून वजन १४० किलोंपर्यंत खाली आणले गेले. तरीही गाडीची प्रतिमा बदलली नाही. तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये सादर झालेल्या सध्याच्या पिढीची जबाबदारी थेट आफाल्टरबाखच्या एएमजी विभागाकडे, म्हणजे कंपनीच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्यांकडे, सोपवण्यात आली. त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. धातूचा टप काढून कापडी आणला, त्यात २१ किलो वाचले आणि गुरुत्वमध्यही खाली आला. नव्या सांगाड्याची पिळवटीला तोंड देण्याची क्षमता आधीच्या पिढीपेक्षा १८ टक्क्यांनी वाढवली. एसएलच्या इतिहासात प्रथमच चारही चाकांना शक्ती दिली आणि मागची चाकेही थोडी वळतील अशी सोय केली. भारतात आलेल्या एसएल ५५ मध्ये ४७६ अश्वशक्ती आहे. शून्यापासून शंभराचा वेग ती ३.९ सेकंदांत गाठते.

एवढ्या खटाटोपानंतर एसएल हौशी चालकाची झाली काय? काही अंशी निश्चित झाली. तिचे स्टिअरिंग आधीच्या पिढीपेक्षा चपळ आहे आणि वळणावर तिचा तोल ढळत नाही. पण १,९५० किलोंचे वजन कोणत्याही संगणकाला लपवता येत नाही. चारचाकी शक्ती आणि वळणारी मागची चाके ही वजनावरची औषधे आहेत आणि त्या औषधांचेही स्वतःचे वजन असते. या पिढीतील खरी हौशी एसएल बहुधा सर्वांत स्वस्त असलेली एसएल ४३ हीच ठरावी. २०२२ मध्ये आलेल्या या गाडीत चार सिलिंडरचे दोन लिटर इंजिन आहे, शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळते आणि पुढच्या धुरीवरचा भार बराच हलका झालेला आहे. १९५४ मध्ये चार सिलिंडरची एसएल निवांत सफरीसाठी होती; सत्तर वर्षांनी भूमिकांची अदलाबदल झाली. आठ सिलिंडरच्या आवाजासाठी जीव टाकणाऱ्या ग्राहकाला हे पटणार नाही, हा भाग अलाहिदा.

या पार्श्वभूमीवर मेबाखचे आगमन अधिक अर्थपूर्ण ठरते. तिच्यात एएमजी एसएल ६३ चेच ५८५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. पण एसएल ६३ शून्यापासून शंभरपर्यंत ३.६ सेकंदांत जाते, तर मेबाखला ४.१ सेकंद लागतात. एसएल ६३ चा कमाल वेग ताशी ३१५ किलोमीटर, मेबाखचा २६० वर रोखलेला. सस्पेन्शन मऊ केले, इंजिनाचे आधार मऊ केले, धुराड्याचा आवाज दाबला, आवाजरोधक साहित्य वाढवले आणि मागची दोन लहान आसने काढूनच टाकली. थोडक्यात, एएमजीच्या अभियंत्यांनी कष्टाने चढवलेली धार मेबाखच्या अभियंत्यांनी कष्टाने बोथट केली आणि किंमत वाढवली. बॉनेटवर बोधचिन्हांची नक्षी पेरण्याची हौसही भागवली. आतील चामडे मात्र पांढरे शुभ्र आहे. मुंबई-पुण्याच्या धुळीत टप उघडा ठेवून ते किती दिवस पांढरे राहील, याचा विचार स्टुटगार्टमध्ये झाला नसावा.

तरीही मेबाखची हेटाळणी करून भागणार नाही, कारण या दोन गाड्यांपैकी स्वतःच्या स्वभावाशी अधिक प्रामाणिक तीच आहे. उघड्या गाडीचा आनंद वेगाच्या आकड्यात नसतो. टप उघडला की वारा, वास, पानांची सळसळ आणि शेजारून जाणाऱ्या गाडीचा आवाज हे सारे आत येते आणि ताशी ६० चा वेगही बंद गाडीतल्या शंभरासारखा भासतो. वेग वाढवत नेला की हाच आनंद आटू लागतो. वाऱ्याचे भोवरे मागून मानेवर आदळतात, बोलणे ऐकू येत नाही, डोळ्यांत पाणी येते. मागे वारारोधक जाळी लावणे, आसनातून मानेवर गरम हवा सोडणे या युक्त्या त्यासाठीच निघाल्या. आणि गंमत अशी की, एएमजीने शर्यतीच्या जिद्दीने सांगाडा ताठ केला नसता, तर मेबाखला एवढे मऊ सस्पेन्शन देणेही निभावले नसते. हौशी चालकासाठी घेतलेल्या कष्टांचे फळ अखेरीस सुखासीन चालकाच्या पदरात पडले आहे.

भारतात हा हिशेब आणखी बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची सपाट भागातील वेगमर्यादा ताशी शंभर आहे. घाटात ती याहून बरीच कमी होते. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ती १२० आहे. तीनशेच्या घरात वेग गाठणाऱ्या गाडीची धार तपासायला एवढ्यात वावच नाही. तिचे रुंद आणि पातळ टायर वळणासाठी बनलेले असतात. आपल्याकडे त्यांची गाठ वळणाआधी खड्ड्याशी आणि परवान्याशिवाय उगवलेल्या गतिरोधकाशी पडते. टप उघडण्याजोगे दिवसही मोजकेच. पावसाचे चार महिने गेले, उन्हाचे तीन-चार गेले. उरल्या त्या थंडीतल्या सकाळी आणि काही संध्याकाळी. त्यात सिग्नलवर शेजारी बसचा धूर. म्हणजे येथे वापर होणार तो सफरीसाठीच आणि तोही बेताचाच.

पण याच ठिकाणी एक विसंगती समोर येते. आपल्याकडे चार कोटींच्या गाडीचा मालक मागच्या आसनावर बसतो आणि गाडी ड्रायव्हर चालवतो. मेबाख हे नाव तर येथे मागच्या आसनाच्या सुखाशीच जोडलेले आहे. पाय पसरून बसण्याची सोय हीच तिची ओळख. आणि त्याच नावाने आलेल्या या गाडीला मागचे आसनच नाही! तिच्यात बसायचे तर मालकाला स्वतः स्टिअरिंग हाती घ्यावे लागेल किंवा ड्रायव्हरच्या शेजारी बसावे लागेल. दुसरा पर्याय कोणी स्वीकारेल असे वाटत नाही. युरोप-अमेरिकेत निवांत सफर आणि चालवण्याची हौस हे दोन ग्राहकवर्ग मानले जातात; भारतात मात्र कन्व्हर्टिबल घेणारा प्रत्येक जण, त्याने मऊ गाडी घेतली तरी, स्वतः गाडी चालवण्याची इच्छा बाळगून असतो. त्याला शर्यत करायची नसते, पण रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत कोणी दुसऱ्याने न्यावे असेही नसते.

२०२५ साली मेबाख एसएलच्या तीनच गाड्या भारताच्या वाट्याला आल्या. त्या घेणाऱ्यांना किमतीची तुलना करण्याचे कारण पडले नसावे. महाराष्ट्रात मोटार वाहन कराची कमाल मर्यादा त्याच वर्षी २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली, त्याचेही त्यांना फारसे वाटले नसेल. प्रश्न उरतो तो एसएल ५५ चा विचार करणाऱ्याचा. चालवण्याची खरी हौस असेल, तर याच रकमेत बंद टपाची अधिक धारदार गाडी मिळते आणि तिने समाधान अधिक होईल. उघड्या हवेची ओढ असेल, तर एसएल ५५ पुरेशी आहे आणि तिची अर्धी ताकद न वापरता पडून राहील, हे धरून चालावे. सही करण्यापूर्वी त्याने पहाटे टप उघडून एकदा घाट चढून-उतरून पाहावा आणि स्टिअरिंगवरच्या बटणाने गाडी कोणत्या मोडवर ठेवावीशी वाटते, ते ध्यानात घ्यावे. बहुतेकांचे बोट ‘कम्फर्ट’वरच थांबेल. तो पर्याय एसएल ५५ मध्येही आहे आणि त्यासाठी मेबाखची वरची रक्कम मोजावी लागत नाही.