उडी गाण्याची की मोजणीची?

२००९ साली केली क्लार्कसनचे गाणे बिलबोर्डच्या यादीत एका आठवड्यात ९७ वरून थेट १ वर गेले. लोकांनी उचलून धरले म्हणे! खरे तर आधी नुसते रेडिओवर वाजणे मोजले गेले होते, विक्री नंतर मोजली.

म्हणून आम्ही विचारतो, मोजतो कोण? मे १९९१ पर्यंत अमेरिकेत अल्बमची यादी दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर बनायची. बारकोडवरून विक्री मोजू लागताच, पुढच्याच महिन्यात एन.डब्ल्यू.ए. या कृष्णवर्णीय रॅप गटाचा अल्बम पहिला! हे श्रोते काय महिनाभरात जन्मले? होतेच ते, वहीत नव्हते. जातनिहाय जनगणनेचे नाव काढताच इथे कुणाच्या पोटात गोळा येतो, तेही आम्ही पाहतोच आहोत.