साराजेवोला गेलात, तर सिनेगॉगही पाहा

बोस्नियाच्या सहलीला जाणारे आपले तरुण साराजेवोची गाझी हुसरेव बेग मशीद आवर्जून पाहतात. पाहायलाच हवी. पण तिथून चालत काही मिनिटांवर जुनं सिनेगॉग आहे. आता ते यहुदी संग्रहालय आहे. तिथेही जा. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या यहुद्यांना उस्मानी राज्यात आसरा मिळाला. त्यांचेच वंशज या शहरात वसले.

शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘साराजेवो हगादा’ ही स्पेनमध्ये तयार झालेली, चौदाव्या शतकातली सचित्र यहुदी पोथी आहे. १९४२ मध्ये ती नाझींच्या हाती पडू नये म्हणून दरवीश कोरकुत या मुस्लिम ग्रंथपालाने जीव धोक्यात घालून ती लपवली. एका यहुदी मुलीलाही त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून वाचवलं.

गाझातल्या अत्याचारांविरुद्ध आपण बोललंच पाहिजे. पण इस्रायल सरकारवरचा राग काढताना ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा वापरायचा, हिटलरची तारीफ फॉरवर्ड करायची, याने पॅलेस्टिनींचं काय भलं होतं? कुणा एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या मुसलमानांना जबाबदार धरलं की आपल्याला किती लागतं! मग तोच नियम आपण दुसऱ्यांना लावू नये. कोरकुत आपलेच होते. त्यांची गोष्ट आपल्या घरांत सांगितली गेली पाहिजे.