अँटिबॉडीचा कागद आणि कोजागिरी

यंदा कोजागिरीचे दूध सभागृहातच आटवावे, फक्त येणाऱ्या प्रत्येकाने कोरोनाच्या अँटिबॉडी तपासणीचा कागद आणावा, अशी सूचना मंडळाच्या काही सभासदांनी केली आहे. मार्च 2020 पासून घरात कोंडलेल्या ज्येष्ठांची तगमग आम्हाला कळते, आम्हीही त्यांच्यातलेच. पण या कागदाच्या भरवशावर ऐंशीच्या घरातल्या आजींना गर्दीत बसवायचे का, हा खरा प्रश्न आहे.

आरटी-पीसीआरमध्ये नाकातून-घशातून स्वॅब घेऊन त्यात विषाणूचा आरएनए आहे का, हे पाहतात. आधी आरएनएपासून डीएनए करतात, मग तो प्रत्येक फेरीत दुप्पट होत जातो. बँकेत हयात घालवलेल्यांना हे चक्रवाढीचे गणित लगेच उमजते: एकाचे तीस वेळा दुप्पट केले की आकडा 100 कोटींच्या वर जातो. म्हणूनच अगदी थोडा विषाणूही पकडला जातो. स्वॅब नीट घेतला नाही किंवा लागण कालपरवाचीच असली, तर मात्र ही तपासणीही चुकते.

अँटिबॉडी तपासणी रक्ताची. ती विषाणू शोधतच नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. माणूस इतरांना सर्वाधिक लागण देतो ती लक्षणे सुरू होण्याच्या आगेमागे, आणि नेमका तेव्हाच हा कागद 'निगेटिव्ह' असू शकतो. हे पासबुक आहे. मागच्या नोंदी दाखवते, आज गल्ल्यात काय आहे ते नाही. (अँटिजेन तपासणी वेगळी, ती विषाणूचाच अंश शोधते. नावांच्या साम्यामुळे बऱ्याच जणांची गल्लत होते.)

एप्रिलमधला प्रकार आठवत असेल. चीनहून आलेल्या रॅपिड अँटिबॉडी किटची अचूकता जेमतेम 5.4 टक्के असल्याची तक्रार राजस्थानने केली. आयसीएमआरने आधी वापर थांबवायला आणि मग किट परत करायला सांगितले. 245 रुपयांना आयात झालेले किट 600 रुपयांना विकले जात होते, हेही दिल्ली उच्च न्यायालयातल्या वादात बाहेर आले. न्यायालयाने किंमत 400 रुपयांवर आणली.

किट चांगले असले तरी अडचण उरतेच. समजा, शंभर निरोगी माणसांत पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवणारी तपासणी आपण 200 सभासदांची केली. त्यांपैकी दहांनाच आजार होऊन गेला असेल, तर उरलेल्या 190 मधल्या नऊ-दहा जणांच्या हाती खोटा दिलासा पडेल. म्हणजे पॉझिटिव्ह कागदांपैकी जवळजवळ निम्मे चुकीचे! शिवाय ज्यांचे खरे आहेत त्यांनाही पुन्हा लागण होणार नाही, याची हमी नाही. ऑगस्टमध्ये हाँगकाँगला तसा रुग्ण सापडलाच.

ही तपासणी निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. मुंबईतल्या तीन वॉर्डांत जुलैमध्ये झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतल्या 57 टक्के, तर इतर वस्तीतल्या 16 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. साथ कुठवर पोहोचली, हे असेच कळते. एकट्या माणसाच्या निदानासाठी आरटी-पीसीआरच.

तेव्हा दूध यंदा आपापल्या गच्चीवर आटवू या, गाणी मोबाईलवर ऐकू या. ताप-खोकला असेल त्यांनी कागदाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे दूध पोहोचवायला स्वयंसेवक हवे आहेत, नावे कार्यालयात कळवावीत.