पैंजणात चांदी किती?

हुबळीच्या दाजीबानपेठेत लग्नसराईला तुळजाभवानीच्या देवळापासून पुढे सरकायचं म्हणजे खांद्याला खांदा घासतच. साड्या झाल्या की बायकांचा मोर्चा चांदीकडे वळतो. कुणी मराठीत पैंजण मागतं, कुणी कन्नडमध्ये गेज्जे. नक्षी बघून होते, घुंगरू कानाशी वाजवून होतात, पेच घट्ट बसतो का तेही तपासलं जातं. मजुरीवरून घासाघीस तर ठरलेलीच. चांदी किती टंच, म्हणजे शंभरात किती शुद्ध, हा प्रश्न मात्र सोन्याच्या दुकानात तावातावाने भांडणारी गिऱ्हाइकंही इथे गिळून टाकतात.

तो विचारलाच पाहिजे, आणि उत्तर पावतीवर लेखी मिळालं पाहिजे.

पैंजणाच्या आत काय आहे, यावरून राजधानी जळाल्याची कथा तमिळमध्ये आहे. ‘शिलप्पदिकारम्’मधला कोवलन बायकोचं पैंजण विकायला मदुराईत जातो. हे राणीचंच चोरलेलं, असं सोनार सांगतो आणि राजा नीट चौकशी न करता कोवलनला ठार मारवतो. राणीच्या पैंजणात मोती असतात. कोवलनची बायको कण्णगी भर दरबारात नवऱ्याकडून जप्त केलेलं पैंजण फोडते, तर त्यातून रत्नं उडतात. पारख आधी झाली असती तर महाकाव्यच उरलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

पायातल्या धातूवर समाजाची नजर नेहमीच राहिली. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते कमरेखाली नको, असं घरोघरी सांगतात. राजस्थानातल्या संस्थानांत मात्र पायात सोनं घालण्याचा मान दरबार देत असे. चांदीही सगळ्यांना मोकळी नव्हती. इंदूर भागातल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बलाई समाजातल्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असं तिथल्या सवर्णांनी फर्मावल्याची बातमी जानेवारी 1928 मध्ये छापून आली. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त तिचा दाखला दिला आहे. मोलमजुरी करणाऱ्या बाईने स्वतःच्या कमाईतून घेतलेले पैंजण म्हणूनच नुसत्या हौसेचे नसतात. अडीनडीला मोडता येईल अशी ती तिची पुंजी.

गोम कळते ती मोडतानाच. शुद्ध चांदी मऊ, म्हणून तांबं मिसळावं लागतं. शिवाय कड्या नि घुंगरू झाळून जोडलेले. त्यात कारागिराची लबाडी नाही, हुपरीच्या चांदी-कारागिरांच्या कसबी हातांनाही ते चुकत नाही. लबाडी होते ती विकताना भाव पूर्ण चांदीचा आणि परत घेताना कमी टंचाचा लावला तर. 2025 मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा भाव ओलांडला. त्या भावाने घेतलेला 200 ग्रॅमचा जोड 70 टंच निघाला, तर नऊ हजारांचा फटका. मजुरी बुडते ती वेगळीच.

सोन्याला हॉलमार्क 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीच्या हॉलमार्कला 1 सप्टेंबर 2025 पासून सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक जोडला गेला, पण ऐच्छिक. पेठेतल्या सराफांनी सक्तीची वाट बघू नये. टंच, वजन, मजुरी आणि परतीचा भाव पावतीवर वेगवेगळे लिहावेत. नाजूक घुंगरांच्या कामाला वरची शुद्धता झेपत नाही, ही अडचण खरी. पण हॉलमार्कची पहिली पायरी 800 ची, म्हणजे 80 टंचाची आहे, आणि तेवढ्यात पैंजण घडतात. त्याखालचा माल विकायचाच असेल तर तोही विका, फक्त त्याच टंचाच्या भावाने.